लिफ्टर कोण होता?

२० सप्टेंबर २०२३. गणपती बसल्याचा दुसरा दिवस. खाली सोसायटीत दीड दिवसाचे गणपती निघाले होते, ताशा कडकडत होता, आणि मी खिडकी लावून घेऊन मोबाईलला चिकटलो होतो. चीनमधल्या हांगझोऊला एशियाड सुरू होत होतं. उद्घाटन सोहळ्याला अजून तीन दिवस होते, पण व्हॉलीबॉलच्या मॅच आधीच लागल्या होत्या. भारत विरुद्ध दक्षिण कोरिया. जागतिक क्रमवारीत आपण ७३वे, ते २७वे. आणि कोरिया म्हणजे १९६६ पासून प्रत्येक एशियाडमधून पुरुषांच्या व्हॉलीबॉलचं पदक घेऊन गेलेला संघ.

पहिला सेट २५-२७ गेला. दुसरा २९-२७ असा अक्षरशः ओढून आणला. तिसरा २५-२२ आपला, चौथा २०-२५ त्यांचा. पाचवा पंधराचा असतो, तो पंधरावर संपेना. सतरा-पंधरा झाले आणि आपली पोरं मैदानावर एकमेकांच्या अंगावर पडली. माझे हात थरथरत होते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचे हात एका मॅचने थरथरावेत का, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही. मी पहिला फोन गावाला काकांना लावला.

"काका, कोरियाला हरवलं. तीन-दोन!"

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. ऐकू कमी येतं त्यांना, म्हणून मी पुन्हा ओरडून सांगितलं. मग काका म्हणाले, "ऐकलं रं. लिफ्टर कोन हुता?"

मला सांगता येईना. अमितने चोवीस पॉइंट मारले हे माहीत होतं, अश्वल राय आणि एरिन व्हर्गीस ही नावं तोंडावर होती, विनीत कुमार कॅप्टन आहे हेही ठाऊक होतं. पण ज्याने या सगळ्यांना चेंडू उचलून दिला, त्याचं नाव मी लक्षातच घेतलं नव्हतं. आणि मी स्वतः शाळेत चार वर्षं लिफ्टर होतो.

लिफ्टर म्हणजे आता ज्याला सगळे सेटर म्हणतात तो. काकांच्या तोंडी कधी 'लिफ्टर', कधी फौजेतला 'बूस्टर'. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू धरता येत नाही, आणि एकाला लागोपाठ दोनदा हात लावता येत नाही. तीन हातांत तो पलीकडे गेलाच पाहिजे. पहिला हात सर्व्हिस उचलणाऱ्याचा, तिसरा स्मॅश मारणाऱ्याचा. मधला लिफ्टरचा. टाळ्या पडतात तिसऱ्या हाताला, शिव्या पडतात पहिल्याला. मधल्याकडे बघतं कोण?

काका फौजेत होते, मराठा लाईट इन्फंट्रीत. सुट्टीवर आले की ट्रंकेत इतर सामानाबरोबर नेट असायचं, घडी घालून दोरीने बांधलेलं. आमच्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात तेव्हाही आणि आजही शूटिंग व्हॉलीबॉलचं वेड जबरदस्त. दोन्ही हात जोडून चेंडू असा हाणायचा की समोरच्याने बाजूला व्हावं. काकांना शूटिंगबद्दल राग नव्हता, पण शाळेच्या मैदानावर ते आम्हाला फौजेतलं स्मॅशिंग शिकवायचे. एका काठीवर त्यांनी खिळ्याने खूण केली होती, दोन मीटर त्रेचाळीस सेंटिमीटरची. रोज संध्याकाळी नेट बांधलं की ती काठी मधोमध धरायची. दोन बोटं जरी नेट झोळलं असेल तर पुन्हा ताणायचं. रेषा चुन्याच्या, आणि चुना संपला की चुलीतल्या राखेच्या.

मी उंचीला बेताचा. म्हणून माझ्या वाट्याला लिफ्ट आली. काकांनी माझे दोन्ही अंगठे आणि तर्जनी जुळवून कपाळाच्या वर त्रिकोण करायला लावला आणि म्हणाले, या खिडकीतून चेंडू बघायचा. चेंडू बोटांच्या पेरांवर यायला हवा, तळव्याला लागता कामा नये. तळव्याला लागला की 'थप्' असा आवाज होतो. चांगल्या लिफ्टला आवाजच नसतो. ते माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, "फाऊल. फाऊल. आता बरूबर." पावसाळ्यात चामड्याचा चेंडू पाणी पिऊन जड व्हायचा. बोटांची पेरं सुजायची, आई हळद-तेल लावायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या काकांमुळेच मला भारताच्या संघाचा इतिहास पुस्तकाआधी तोंडी समजला. त्याची सुरुवात ते कायम जकार्तापासून करायचे. तसं पाहिलं तर हा खेळ अमेरिकेत १८९५ साली विल्यम मॉर्गन नावाच्या वायएमसीएतल्या शिक्षकाने काढला आणि वायएमसीएच्याच वाटेने तो मद्रासमार्गे आपल्याकडे आला. १९५१ साली भारतीय महासंघ झाला, १९५२ साली आपला संघ मॉस्कोला जागतिक स्पर्धेत खेळूनही आला. १९५८ साली टोकियोच्या एशियाडमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदा आलं, तेव्हा आपण तिसरे होतो. पण काकांसाठी सगळं जकार्ता, १९६२. तेव्हा ते वीस वर्षांचे, बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये नुकते भरती झालेले. तिथल्या रेडिओच्या बातम्यांत त्यांनी ऐकलं की आपण आशियात दुसरे आलो. जपान पहिला, भारत दुसरा, पाकिस्तान तिसरा.

जकार्ता म्हटलं की आज जाणकारांनाही फुटबॉलचं सुवर्ण आठवतं. आठवायलाच हवं. इस्रायल आणि तैवान यांना स्पर्धेबाहेर ठेवल्याबद्दल आपले क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी आवाज उठवला होता, त्यामुळे तिथली गर्दी भारतावर चिडलेली होती, आणि त्या गर्दीसमोर आपण दक्षिण कोरियाला २-१ हरवलं. पण त्याच जकार्तात, तीच चिडलेली हवा अंगावर घेऊन, आपल्या व्हॉलीबॉलच्या संघाने रौप्य आणलं होतं. ते कुणाच्या बोलण्यात येत नाही. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाले, त्या पहिल्याच यादीत व्हॉलीबॉलचे ए. पलानीसामी आहेत. दुसऱ्या वर्षी नृपजितसिंग बेदी. म्हणजे देशाने त्या खेळाडूंना तेव्हा ओळखलं होतं. पुढे आपण विसरलो.

मला मात्र त्या पदकापेक्षा त्याच्यानंतरची दहा वर्षं जास्त छळतात. जपानचा पुरुष संघ जागतिक स्पर्धेत पहिल्यांदा उतरला १९६० साली, आपल्यानंतर आठ वर्षांनी. त्यांच्याकडे तोवर नऊ जणांचं व्हॉलीबॉल जोरात होतं. त्यात रोटेशन नाही, ज्याची जागा त्याची. जकार्तात सहा जणांच्या खेळात ते पहिले आणि आपण दुसरे, म्हणजे एका पायरीचा फरक. मग १९६४ साली टोकियोत व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये आलं. जपानच्या पुरुषांना कांस्य मिळालं. १९६८ला मेक्सिकोत रौप्य. १९७२ला म्युनिकमध्ये सुवर्ण. आणि आपला पुरुष संघ आजपर्यंत एकाही ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल खेळलेला नाही.

हे दहा वर्षांत कसं घडलं? जपानी माणूस काही दहा वर्षांत हातभर वाढला नाही. यासुताका मात्सुदायरा नावाच्या त्यांच्या प्रशिक्षकाने उंच खेळाडू हेरले हे खरं, पण खरा बदल त्याने मधल्या हातात केला. तोवर जगभर लिफ्ट म्हणजे चेंडू नेटच्या वर उंच टाकायचा, स्मॅशरने धावत यायचं, उडी मारायची आणि हाणायचा. चेंडू वर असतो तेवढ्या वेळात समोरचे दोघे-तिघे ब्लॉकला, म्हणजे नेटपाशी हात वर करून चेंडू अडवायला, जमतात. जपान्यांनी चेंडू उंच टाकणंच सोडलं. स्मॅशर आधी उडतो, हात मागे घेतो, आणि त्या हाताजवळ लिफ्टर चेंडू नेऊन ठेवतो. कधी एक उडतो आणि मारतो दुसराच, मागून अर्ध्या क्षणाने येऊन. ब्लॉक करणारा खाली येत असतो तेव्हा चेंडू त्याच्या डोक्यावरून जातो. आज शाळेतली पोरंही क्विक म्हणून जे मारतात, त्याला खरी धार त्या काळात जपानने लावली.

हे सगळं ज्या बोटांवर चाललं होतं ती कात्सुतोशी नेकोदाची. चार ऑलिंपिक खेळलेला लिफ्टर. म्युनिकच्या उपांत्य फेरीत बल्गेरियाविरुद्ध जपान दोन सेटने मागे होता, तिथून तीन-दोन जिंकला आणि फायनलमध्ये पूर्व जर्मनीला हरवलं. १९७६ला माँट्रिअलच्या उद्घाटनाला जपानचा झेंडा नेकोदाच्या हातात होता. लिफ्टरच्या हातात देशाचा झेंडा! १९८३ साली तो कर्करोगाने गेला, चाळिशीही गाठली नव्हती. काकांना त्याचं नाव माहीत नव्हतं. पण "जपान्यांनी लिफ्ट खाली आनली आन् आपन वरच टाकत बसलो," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलंय. नेकोदाबद्दल मी पुष्कळ नंतर वाचलं, तेव्हा कळलं की शाळेच्या मैदानावर उभा राहून हा माणूस किती अचूक बोलत होता.

आता जिमी जॉर्ज. त्याच्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही आणि मला तो पुरा करायचाही नाही.

केरळच्या कण्णूर जिल्ह्यातलं पेरावूर. वकील वडील, आणि सगळे भाऊ व्हॉलीबॉल खेळणारे. पुढे त्या भावांचाच एक संघ उभा राहिला. त्यातला जिमी १९७६ साली, एकविसाव्या वर्षी अर्जुन पुरस्कार घेऊन बसला होता. केरळ पोलिसांत नोकरी, १९७९ला अबू धाबीचा क्लब, आणि १९८२ला थेट इटलीत त्रेविझो. तेव्हा इटलीची लीग म्हणजे जगातले निवडक स्मॅशर. तिथे भारतातून जाऊन पैसे घेऊन खेळणारा पहिला माणूस हा. जिमी उडी मारायचा आणि हवेत थांबायचा, असं त्याला पाहिलेला प्रत्येक जण सांगतो. थांबत कुणीच नाही, पण इतके लोक तेच सांगतात म्हटल्यावर काहीतरी असणारच. माझा अंदाज असा, की तो वेळेवर उडायचा. ब्लॉक खाली यायला लागला की त्याचा हात फिरायचा.

१९८६चं सोल एशियाड मी नववीत असताना झालं. पेपर आमच्याकडे दुपारच्या एसटीने यायचा. पहिल्या पानावर पी. टी. उषा, चार सुवर्णं आणि एक रौप्य; कुस्तीत कर्तारसिंग. योग्यच होतं ते. आत खेळांच्या पानावर खाली लहानशी बातमी होती, व्हॉलीबॉलमध्ये भारताला कांस्य. चीन पहिला, कोरिया दुसरा, आपण तिसरे, आणि जपान आपल्या मागे चौथा. मी ती बातमी कापून वहीत चिकटवली. सिरिल वल्लूर, के. उदयकुमार, जी. ई. श्रीधरन, अब्दुल बासित, पी. व्ही. रमणा, जिमी. हा संघ आपल्याला लाभलेला सर्वांत भारी संघ, असं माझं मत आहे आणि ते बदलण्याचं कारण अजून मिळालेलं नाही. यातल्या रमणांची मुलगी पुढे बॅडमिंटनमध्ये दोन ऑलिंपिक पदकं जिंकली. सिंधूची आईही व्हॉलीबॉलचीच. तिची ती उंची, वरून येणारा तो स्मॅश दिसला की मला व्हॉलीबॉलचं मैदान दिसतं.

काका त्या दिवाळीत सुट्टीवर आले तेव्हा मी वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून बातमी दोनदा वाचली आणि "जपान चौथा" या शब्दांवर बोट ठेवलं. बराच वेळ बोट तिथेच होतं.

पुढच्या वर्षी, ३० नोव्हेंबर १९८७ला, जिमी इटलीत मोटार अपघातात गेला. बत्तीस वर्षांचा होता. आमच्यापर्यंत बातमी उशिरा आली. त्या संध्याकाळी आम्ही नेट बांधलं, पण काठी लावून उंची बघायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. उत्तर इटलीत माँतिक्यारी नावाचं गाव आहे, जिथल्या क्लबकडून तो शेवटी खेळत होता. तिथल्या इनडोअर स्टेडियमचं नाव आहे पालाजॉर्ज. परक्या देशातल्या लहान गावाने आपल्या खेळाडूचं नाव स्वतःच्या स्टेडियमला द्यावं, याहून मोठा मान मला सुचत नाही. तिरुवनंतपुरमलाही त्याच्या नावाचं स्टेडियम आहे. जिमीचा धाकटा भाऊ बॉबी, अंजू बॉबी जॉर्जचा नवरा आणि तिचा प्रशिक्षक. २००३ साली पॅरिसला अंजूने लांब उडीत जागतिक कांस्य मिळवलं. त्या घराने उडी सोडलेली नाही.

सोलनंतर आजतागायत एशियाडचं पदक नाही. कारणं शोधायला फार लांब जायला नको. जगात खेळ लाकडी आणि सिंथेटिक कोर्टवर गेला, आपली पोरं मातीत खेळून मोठी होत राहिली. मातीत पाय रुततो, घसरतो. उडीची वेळ मातीत एक आणि लाकडावर दुसरीच. १९९८च्या अखेरीस नियमच बदलले. पूर्वी ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट, सेट पंधराचा. आता प्रत्येक रॅलीला पॉइंट, सेट पंचवीसचा, आणि मागे फक्त बचाव करणारा लिबेरो. पूर्वी चुकीची भरपाई करायला सवड असायची, ती गेली. आपले खेळाडू पोलिस, रेल्वे, फौज यांच्या नोकऱ्यांवर जगले. परदेशी संघांविरुद्ध वर्षातून मोजक्या मॅच. महासंघातली भांडणं इतकी वाढली की २०१६च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्याला निलंबितच केलं. ज्या वयात पोराने रोज खेळायचं त्या वयात त्याने कुठल्या गटाची निवड चाचणी खरी हे शोधत फिरायचं, याचा मला मनापासून संताप येतो.

आणि पोरं नव्हती असं कुणी म्हणू नये. २००३ साली थायलंडला १९ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत आपण दुसरे आलो, ब्राझीलच्या मागे. जगात दुसरे! २००९च्या ऑगस्टमध्ये मुलांची ज्युनियर जागतिक स्पर्धा आपल्या पुण्यात, बालेवाडीत झाली. तेव्हा स्वाइन फ्लूने पुणं धास्तावलेलं होतं. देशातला पहिला बळी त्याच आठवड्यात आपल्याच शहरात गेला होता. बायको नको म्हणत असताना मी तोंडाला रुमाल बांधून एक दिवस गेलो. गॅलरीत निम्मे लोक मास्क लावून बसलेले. मॅचआधीच्या सरावात ब्राझीलच्या लिफ्टरच्या मागच्या बाजूला बसायला मिळालं, अगदी जवळ. चेंडू त्याच्या बोटांत येत होता आणि जात होता, येत होता आणि जात होता. मी डोळे मिटून ऐकायचा प्रयत्न केला. काही ऐकू आलं नाही.

असो, परत गणपतीत येतो. २१ला गौरी येणार म्हणून गावी गेलो. २२ला गौरी जेवल्या, आणि त्याच दिवशी आपली मॅच चिनी तैपेईशी. काका ओटीवर खुर्चीत, मांडीवर उशी, उशीवर मोबाईल. तोवर मी नावं काढून ठेवली होती. "काका, दोन लिफ्टर आहेत. मुथुसामी अप्पाव आणि उक्करपांडियन मोहन. दोघं तमिळनाडूचे." काकांनी मान हलवली. तिन्ही सेट आपण घेतले. घरात कुणाला पुरणपोळी वाढायची आठवण राहिली नाही, म्हणून चुलतीने दोघांनाही बोल लावले.

२४ तारखेला, रविवारी, उपांत्यपूर्व फेरीत जपान समोर आला. खरं तर जपानचा पहिला संघ हांगझोऊला आलाच नव्हता. तो घरी ऑलिंपिक पात्रतेची तयारी करत होता, आणि पुढच्या पंधरवड्यात पात्र ठरलाही. समोर होता त्यांचा दुसरा संघ. आपण सरळ तीन सेटमध्ये हरलो. दोन दिवसांनी पाचव्या जागेसाठी पाकिस्ताननेही तीन सेटमध्येच हरवलं आणि आपण सहावे राहिलो. जकार्तात ज्या दोघांच्या मधे उभं राहून आपण रौप्य घेतलं होतं, त्याच दोघांकडून एकसष्ट वर्षांनी लागोपाठ हार. काकांना मी हे बोललो नाही. त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मात्र नाही.

जपानच्या मॅचचा दुसरा सेट चालू होता. मी फक्त स्कोअर बघत होतो आणि मनातल्या मनात चिडत होतो. काकांनी माझ्या मनगटाला धरलं.

"ह्ये मागं घेता येतंय का?"

मी दहा सेकंद मागे घेतलं. जपानच्या लिफ्टरने चेंडू दिला, चेंडू नेटच्या वर जेमतेम वीतभर गेला आणि मारलाही गेला. आपला ब्लॉक तेव्हा कुठे गुडघे वाकवत होता.

"अजून यकदा."

पुन्हा मागे घेतलं. तिसऱ्यांदाही. मग काकांनी दोन्ही हात कपाळाच्या वर नेले. बोटं संधिवाताने वाकडी झालीत, अंगठे पुरते जुळत नाहीत. पण त्यांनी त्रिकोण केला, डोळे बारीक केले आणि त्या खिडकीतून ओटीबाहेरच्या अंगणाकडे बघितलं.

"किती खाली देतोय बघ," ते म्हणाले. "आन् आवाज बंद कर जरा त्या कॉमेंट्रीचा."